दिवाळी पहाट, मेळे आणि आपल्या गल्लीतले रॅपर

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या एका मंडळाची दिवाळीची बैठक झाली. मांडव, वर्गणी, दिवाळी पहाटेला कोणाला बोलवायचं, चहा कोणाकडे, सगळं नेहमीसारखं. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आले आणि मागच्या खुर्च्यांवरून चार पोरं उभी राहिली. सगळ्यात मोठा तेवीसचा असेल. म्हणाली, पाडव्याच्या संध्याकाळी आम्हाला दीड तास द्या. रॅप करतो, मराठीत. मानधन नको, स्पीकर आमचे आम्ही आणतो. स्टेज आणि लाइट तेवढा द्या.

दोन सेकंद कोणीच काही बोललं नाही. मग एक काका म्हणाले, “दिवाळीत हे असलं? ही आपली संस्कृती नाही.” दुसरे म्हणाले, “शिव्या असणार.” तिसऱ्यांनी मधला मार्ग काढला, “गाणी कागदावर लिहून द्या. समिती वाचेल, मग बघू.” पोरांतला एक म्हणाला, “काका, लिहिलेली देतो. पण फ्रीस्टाइल जागेवरच सुचतं, ते आधी कसं देणार?” यावर बरेच जण हसले. विषय पुढच्या रविवारवर गेला.

मी तिथे काही बोललो नाही. मला बैठकीतून घरी आल्यावर मुद्दे सुचतात, जिन्यात. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगतो, मी भावगीतातला माणूस आहे. रॅप माझ्या कानावर भाच्यामुळे पडलं, तेही पहिले सहा महिने “आवाज कमी कर” या नात्याने. पण त्या बैठकीत बोलली गेलेली तिन्ही वाक्यं मी याआधी वाचली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासात. तेवढ्यासाठी लिहितोय.

आधी ‘आपली संस्कृती’चं बघू. आपण डोंबिवलीकर. फडके रोडवर दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी नवे कपडे घालून उभं राहायचं, ही आपली परंपरा. कोणत्या पुराणात आहे ती? गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आज गावोगाव निघते, परदेशातही निघते. ती आपल्याच गावात १९९९ साली सुरू झाली, बैठकीतल्या निम्म्या लोकांनी ती सुरू होताना पाहिली आहे. दिवाळी पहाट हा प्रकारही काही शिवकालीन नाही. चतुरंग प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी तो मुंबईत रुजवला, त्याला फार तर चाळीस-एक वर्षं झाली. दिवाळी अंक घ्या. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा ती कल्पनासुद्धा नवीनच होती. आपल्या सणांत जे जे आपल्याला सनातन वाटतं, त्यातलं बरंचसं कोणीतरी एका बैठकीत ‘आयत्या वेळचे विषय’मध्येच मांडलेलं असणार.

आता मेळ्यांचं. हा शब्द आज ‘आनंद मेळावा’ नाहीतर ‘रोजगार मेळावा’ एवढ्यापुरता उरलाय, त्यामुळे तरुण वाचकांसाठी थोडं सविस्तर. १८९३-९४ पासून पुण्यात गणपती सार्वजनिक झाला, तेव्हा त्याच्याबरोबर मेळे आले. मेळा म्हणजे पोरांचा गट. शाळा-कॉलेजातली मुलं, एकसारखा पोशाख, कधी मावळ्यांचा वेश, हातात टिपऱ्या नाहीतर लेझीम. उत्सवाच्या काही आठवडे आधीपासून तालमी चालायच्या. कोणीतरी स्थानिक कवी पदं रचून द्यायचा. मग दहा दिवस या गणपतीसमोरून त्या गणपतीसमोर जायचं आणि उभं राहून म्हणायचं. गणपतीचं पद पहिलं. त्याच्यानंतर मात्र विषय मोकळा: स्वदेशी, दारू, सरकार, नगरपालिका, गावातल्या कोणा बड्या माणसाची फजिती. चाल लोकांच्या ओळखीची आणि यमक पक्कं, म्हणजे ऐकणारा दुसऱ्या कडव्यापर्यंत सामील होतो.

यात सगळंच गोड नव्हतं, हे कबूल करायला हवं. पहिल्या काही वर्षांतल्या पदांमध्ये मुसलमानांविरुद्ध भडक मजकूर होता. मोहरमच्या ताबुतांत जाऊ नका, असं हिंदूंना सांगणारी पदं होती. गंमत अशी की मेळ्याची ठेवण बऱ्याच अंशी मोहरमच्या मिरवणुकीतल्या गाणाऱ्या टोळ्यांवरूनच घेतलेली. तेव्हा ‘तेव्हाची पोरं किती सोज्वळ’ असं मला म्हणायचं नाहीये. पोरं तेव्हाही पोरंच होती. त्यांच्या तोंडी काही शहाणं होतं, काही विषारी होतं, आणि बरंचसं नुसतंच जोरात होतं.

सरकारला हे फार दिवस सहन झालं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजकारण तापलं, तसे मेळ्यांवर निर्बंध आले. पदं आधी दाखवा, कोण कोण गाणार ते सांगा, ही भाषा पोलिसांची. “गाणी कागदावर लिहून द्या, आम्ही वाचू, मग बघू.” मी बैठकीत हे वाक्य ऐकलं तेव्हा मला आमचे तिसरे काका एकदम खाकी टोपीत दिसले. रागावू नका काका, तुमचा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे. पण त्या पोलीस अंमलदारालाही आपला हेतू चांगलाच वाटत असणार.

नाटकांचं तर कायद्यानंच होतं. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा आणला. इंग्रज गेले तरी आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहेच. संहिता द्या, शिक्का घ्या. २०१६ साली अमोल पालेकर याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की महाराष्ट्रात अजून अशी तपासणी होते.

मेळ्यांच्या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग १९२० च्या दशकातला. तोपर्यंत पुण्यातल्या उत्सवाचं स्टेज कोणाचं, हे ठरलेलं होतं. मग ब्राह्मणेतर चळवळीतल्या तरुणांनी आपला मेळा काढला, छत्रपती मेळा. केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर ही त्यातली नावं. त्यांची पदं झोंबणारी होती. प्रस्थापितांवर, टिळकपक्षावर थेट नाव घेऊन टीका. सभ्य पुण्याने कानावर हात ठेवले. भाषा गावठी, चाल गावठी, विषय गणेशोत्सवाला न शोभणारा! प्रकरण मारामाऱ्यांपर्यंत गेलं. पुढे जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावर खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. शिक्षा रद्द झाली. त्या पुस्तकातली भाषा आजही वाचताना अंगावर येते. पण आज त्या काळाचा इतिहास लिहिताना छत्रपती मेळ्याला वगळून कोणी लिहू शकत नाही. कानावर हात ठेवणाऱ्यांची नावं मात्र शोधावी लागतात.

तीच गोष्ट जलशांची. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचा साचा घेतला, गण बदलला, गौळण बाजूला ठेवली आणि वस्तीतल्या माणसाला त्याच्याच बोलीत पाणी, मंदिर, शाळा यांबद्दल सांगितलं. खुद्द बाबासाहेब या जलशांचं मोल आपल्या सभांपेक्षा कमी धरत नसत असं सांगतात. मग १९४४ चं लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर. गिरणगावात हजारो माणसं रात्री उभं राहून ऐकत असत. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारनं अण्णा भाऊंच्या ‘माझी मुंबई’वर बंदी घातली. आज त्याच अण्णा भाऊंचे पुतळे आहेत, टपाल तिकीट आहे. ठीक आहे. उशिरा का होईना.

इथे एक खुलासा. “रॅप आपल्याकडूनच तिकडे गेलं, ओवी म्हणजेच रॅप, पोवाडा म्हणजेच रॅप” असले फॉरवर्ड मलाही येतात. तसलं काही मी म्हणत नाहीये. रॅपचं कूळ आणि गाव दोन्ही पक्के ठाऊक आहेत. न्यूयॉर्कचा ब्राँक्स, ११ ऑगस्ट १९७३, सेजविक अॅव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. तिने इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्डी वाजवायला तिचा भाऊ, पुढे जगभर डीजे कूल हर्क म्हणून माहीत झालेला. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवायचा आणि त्यावर माइकवरून बोलायचं. कोणती कंपनी नाही, प्रायोजक नाही. सोसायटीचा हॉल आणि नव्या कपड्यांचा खर्च! आपल्या दिवाळीशी नातं जुळवायला मला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

पुढची सहा वर्षं हे सगळं गल्लीतच राहिलं. १९७९ मध्ये ‘शुगर हिल’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढलेली ‘रॅपर्स डिलाइट’ ही रेकॉर्ड तुफान गाजली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी मर्क्युरी या बड्या कंपनीनं पहिल्यांदा एका रॅपरची रेकॉर्ड काढली. रॅपर हार्लेमचा कर्टिस ब्लो. आणि गाणं कशाचं होतं? नाताळाचं. ‘ख्रिसमस रॅपिन’. म्हणजे ज्या कलेला आमचे काका ‘सणाला न शोभणारी’ म्हणतात, ती कला मोठ्या कंपनीच्या दारातून आत शिरली ती सणाचं गाणं घेऊनच.

त्यामागचा हिशेब मला फार आवडतो. गाण्यामागचे दोघे, रॉबर्ट फोर्ड आणि जे. बी. मूर, ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकातले. फोर्डच्या घरी पाळणा हलणार होता, पैशांची गरज होती. नाताळाचं गाणं एकदा चाललं की दरवर्षी डिसेंबरात परत वाजतं आणि दरवर्षी थोडे पैसे आणतं, हे त्याला धंद्यातल्या जुन्या माणसाकडून कळलं होतं. आपल्याकडे उटण्याच्या जाहिरातीचं असतं तसंच. वर्षभर कोणी आठवत नाही, पण आश्विन लागला की हमखास. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराला सणाचा हंगाम का हवा असतो, ते या एका गोष्टीत कळतं. बाकीचे दहा महिने त्याला कोणी शोधत येत नाही. सणात लोक आपणहून घराबाहेर पडतात, खिशात बोनस असतो, चौकात स्टेज असतं.

१९८७ साली रन-डीएमसीने ‘ख्रिसमस इन हॉलिस’ केलं. हॉलिस म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली त्यांची स्वतःची वस्ती. बर्फ, घोडागाडी, चर्चची घंटा या सगळ्या ठरलेल्या मालाऐवजी त्यात आपला रस्ता आहे आणि आईच्या स्वयंपाकघरातले पदार्थ आहेत. गाणं ज्या संकलनात आलं त्याचं उत्पन्न स्पेशल ऑलिंपिक्सला गेलं. आजही डिसेंबरात ते वाजतं. आमच्या पोरांनी मला मोबाईलवर एक तुकडा ऐकवला, त्यात सकाळची लोकल आहे, चकलीच्या सोऱ्याची तुटलेली मूठ आहे, बाबांचा बोनस नक्की किती ते घरात कोणालाच माहीत नसणं आहे. त्यांनी हॉलिसचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

मुंबईची गोष्ट बहुतेकांना ‘गली बॉय’पासून माहीत आहे, म्हणजे १४ फेब्रुवारी २०१९ पासून. म्हणून ती थोडक्यात सांगतो, फक्त त्याच्या आधीचं सांगतो. कुर्ल्याचा नेझी, ज्याने २०१४ मध्ये आयपॅडवर ‘आफत’ रेकॉर्ड केलं आणि त्यावरच व्हिडिओही काढला. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन. धारावीतले डोपाडेलिक्स, ज्यांच्यात तमिळ आहे, हिंदी आहे, मराठीही आहे. आणि मला सगळ्यात जवळचा वाटणारा ‘स्वदेसी’ हा गट. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, ज्याला जी येते त्या भाषेत. मराठीत मवाली. आरेच्या जंगलाचा वाद पेटला तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी आरेतल्या पाड्याचे प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. रॅपर आणि वारली माणूस एका गाण्यात, आपापल्या आवाजात. त्याच गटातला टॉडफॉड, धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. विदर्भातून अमरावतीचा १००आरबीएच आला, वऱ्हाडी घेऊन. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. २०२४ मध्ये क्रॅटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं ‘तांबडी चामडी’ आलं आणि ज्यांना मराठी कळत नाही तेही त्यावर नाचले. ते रॅप की नाचाचं गाणं हा वाद भाच्याशी घालून झालाय, मी हरलो.

आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये काय झालं तेही आठवत असेल. राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांनी राज्यातल्या राजकारणावर मराठीत रॅप केलं. खोके वगैरे. दोघांवर गुन्हे दाखल झाले. मी त्या गाण्यांची बाजू घेत नाही, विरोधही करत नाही. एवढंच सांगतो की १९१० च्या आसपास मेळ्यांच्या पदांवर नजर ठेवणारा अंमलदार आज असता तर त्याला फाइल बघताक्षणी समजली असती.

आता ‘स्वतंत्र कलाकार’ म्हणजे काय, हे पोरांकडूनच समजून घेतलं. बीट म्हणजे मागचं संगीत. ते इंटरनेटवरून भाड्याने मिळतं, किंवा मित्र बनवतो. रेकॉर्डिंग घरातल्या कपाटात. खरंच कपाटात, कारण कपडे आवाज शोषतात. मिक्सिंगचे पैसे एकाने क्लासच्या शिकवणीतून भरले, दुसऱ्याने डिलिव्हरीच्या कामातून. गाणं ॲपवर चढवलं की हजार वेळा ऐकलं गेलं तरी हातात चहाचे पैसे येतात. कंपनी नाही म्हणून कोणी सांगत नाही काय लिहायचं. आणि कंपनी नाही म्हणूनच कोणी स्टेजही देत नाही. डिसेंबरात पुण्यात, गोव्यात मोठे महोत्सव होतात, तिथे तिकीट काढून जायलाच यांना परवडत नाही, गायला कोण बोलावणार. राहता राहिलं आपलं मंडळ. पाडव्याची संध्याकाळ, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आपण.

तर आता आक्षेपांकडे येतो, एकेक.

शिव्या. हो, रॅपमध्ये शिव्या असतात. त्याहून वाईट म्हणजे बायकांबद्दल जे बोललं जातं ते कित्येकदा ऐकवत नाही, आणि ते ‘वास्तव’ म्हणून खपवलं जातं, हे मला मुळीच मान्य नाही. मी पोरांना तसं तोंडावर सांगितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, “समोर आमच्या आया बसणार आहेत काका.” मला हे उत्तर समितीच्या शिक्क्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. शिवाय एक विचारू का? गेल्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत जी गाणी वाजली, ज्यावर आपलीच नातवंडं नाचली, त्यांचे शब्द समितीनं कधी कागदावर मागवले होते? तिथे डीजेला आपण हजारो रुपये दिले. दिवाळी पहाटेला ‘लावणी स्पेशल’ ठेवलं होतं तेव्हाही कोणी शब्द तपासले नाहीत. पोरांनी स्वतः लिहिलेल्या शब्दांचीच आपल्याला भीती का वाटते?

माझा संशय सांगतो. बैठकीत त्या पोरांनी नमुना म्हणून म्हटलेल्या दोन ओळींत रस्त्यावरचे खड्डे होते आणि पुनर्विकासात अडकलेली इमारत होती. आपल्या प्रायोजकांच्या यादीत कोण कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. शिव्यांचा मुद्दा त्याच्यानंतर निघाला, आधी नाही.

आवाज. हा मुद्दा मात्र खरा आहे, आमच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढचे दोघं जण आहेत. पण नियम सगळ्यांना एकच हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार सणांसाठी सवलत देऊ शकतं, तीही रात्री दहा ते बारा एवढीच. पहाटेची सवलत त्यात नाहीच. आता आपली दिवाळी पहाट किती वाजता सुरू होते? साडेपाच. म्हणजे पोरांचा सात ते साडेआठचा कार्यक्रम कायद्यात बसतो आणि आपलं ‘उठी उठी’ बसत नाही. हे मी कोणाला पकडून द्यायला सांगत नाहीये, मीही पहिल्या रांगेत शाल घेऊन बसलेला असतो. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळायची तर ढोल-ताशालाही पाळावी लागेल, त्यामुळे तो मुद्दा जरा जपून काढावा.

राहिला गर्दीचा मुद्दा. तो बैठकीत कोणीच काढला नाही आणि खरं तर तोच काढायला हवा होता. त्यासाठी परत न्यूयॉर्कला जावं लागेल, आणि ही गोष्ट सुखाची नाही.

२८ डिसेंबर १९९१. नाताळ होऊन तीन दिवस झालेले, कॉलेजला सुट्टी. सिटी कॉलेजच्या जिममध्ये रॅप कलाकारांचा बास्केटबॉलचा सामना ठेवला होता, मदतनिधीसाठी. आयोजकांत शॉन कोम्ब्स, तेव्हा बावीस वर्षांचा, आणि रॅपर हेवी डी. जिममध्ये जागा पावणेतीन हजारांच्या आसपास. आले सुमारे पाच हजार. लोक आत ढकलत राहिले. खाली उतरणाऱ्या जिन्याच्या तळाशी दारं होती आणि ती गर्दीच्या बाजूला उघडणारी होती, म्हणजे मागून रेटा आला की उघडूच शकत नव्हती. त्या जिन्यात नऊ जण चेंगरून मेले. तरुण पोरं-पोरी. पुढे कित्येक वर्षं खटले चालले आणि न्यायालयाने दोष आयोजक आणि कॉलेज यांच्यात निम्मा-निम्मा वाटला.

त्यानंतर वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून रॅपवरच ठपका आला. असली गाणी, असले लोक, होणारच. पण मेलेल्यांपैकी कोणीही गाण्याने मेलं नव्हतं. तिकिटं मोजली नव्हती, दारं नीट नव्हती, जिन्यावर माणूस नव्हता. भजनाला एवढी माणसं त्या जिन्यावर आली असती तरी तेच झालं असतं. आपल्याला हे समजायला न्यूयॉर्कची गरज नाही खरं तर. मांढरदेवीला २००५ साली, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ साली ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपण पाहिलंय. आणि आपल्यातला प्रत्येक जण रोज सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभा असतो.

म्हणून येत्या रविवारी मी बैठकीत जाणार आहे आणि या वेळी तिथेच बोलणार आहे. पोरांना पाडव्याला सात ते साडेआठ द्यावेत, गाणी कागदावर मागू नयेत. त्याऐवजी त्यांच्यातल्या दोघांना आणि मंडळातल्या दोघांना मैदानाची जबाबदारी द्यावी. खुर्च्या किती, उभे किती, हे आधी मोजावं. मागच्या बाजूचं फाटक आपण दर कार्यक्रमाला कुलूप लावून ठेवतो, फुकटे आत येतात म्हणून. पाडव्याचा कार्यक्रम फुकटच आहे, तेव्हा ते कारण उरत नाही. शिवाय ते फाटक आत उघडतं. त्याच्या बिजागऱ्या बदलून घ्यायला किती खर्च येईल ते मी वेल्डिंगवाल्याला विचारलंय, उद्या सांगतो म्हणालाय.

चार पोरांपैकी एकाची आजी आमच्याच इमारतीत राहते. काल जिन्यात भेटली. मी विचारलं, येणार का ऐकायला? म्हणाली, “त्याचं काही कळत नाही बाई मला, लई फास्ट बोलतो. पण तो कपाटात बसून सराव करतो तेव्हा मी बाहेर कुकर लावत नाही.”

कुलुपाची चावी कोणाकडे असते ते कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. गेल्या वर्षीही शेवटपर्यंत सापडली नव्हती.